जानकूचे केस

काळ्या मुठीची विलायती कात्री. एका पात्यावर गंजाचा ठिपका.

मढच्या एका बाईची दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरं जगलं.

आश्रमाचा नियम : नवं मूल आलं की आधी त्याचे केस कापावेत, कापलेले केस लगेच जाळावेत, मग मुलाला जेवू घालावं.

जुन्नरहून भीमाशंकर चालत दोन दिवस. कडेवर मूल असेल तर तीन.

चुलीतल्या राखेनं पितळ लखलखीत निघतं.

*

जुन्नरात धरमचंद शेटची हिरड्याची वखार होती. डोंगरातून आलेला हिरडा तिथे बायका दगडावर फोडत आणि निवडत. त्यांची लहान मुलं पोत्यांमधून रांगत. एकदा एक मूल पोत्याखाली सापडलं. ते वाचलं, पण त्यानंतर मिशनच्या लोकांनी प्रार्थनामंदिरामागची खोली झाडून घेतली आणि तिथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शाळा काढली. शिकवायला मला पाठवलं.

मी सोनीबाई. अठराशे शहात्तर-सत्त्याहत्तरच्या दुष्काळात मला कोणीतरी मिशनच्या अनाथाश्रमाच्या फाटकाशी ठेवलं. तेव्हा मी चारेक वर्षांची असेन. तिथेच वाढले, तिथेच शिकले. घर म्हणजे काय ते मी इतरांच्या दारातून पाहिलेलं.

शाळेत धूळपाट्या होत्या, चिंचोके होते, लाकडी ठोकळ्यांची एक पेटी होती. दुपारी गूळ-फुटाणे, मग घोंगडीवर झोप. दीड वर्षात पटावर चोवीस नावं झाली. हिरडेवाल्यांची होतीच, मग कागदी मोहल्ल्यातलीही आली. तिथली नूरबी कागद घोटायचं काम करी. लेक गुलशनला दारात सोडताना ती रोज काहीतरी बोलून जाई.

"बाई, हिला दोन अक्षरं कमी शिकवा, पर गप बसायला शिकवा. घरात आमाला बोलूच देत न्हाई."

"आईवर गेलीय," मी म्हणे.

"तेच तर दुखणं हाय!"

*

शाळेतल्या जानूच्या आईचं नाव ठमाबाई. जानू म्हणजे जानकू. माणसं डोंगरातल्या मढ गावची, पण हिरड्याच्या कामासाठी जुन्नरात राहिलेली. जानकू पाच वर्षांचा झाला तरी त्याचे केस कधी कापलेले नव्हते. पाठीवर रुळत, मागे दोन जागी जटा झालेल्या. उवा होत्या. कानामागे खाजवून खाजवून जखम झाली होती. मी कडुनिंबाचं पाणी लावी, तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून निमूट पडून राही.

ठमाबाईला एकदा म्हटलं, "अगं, याचे केस..."

"व्हय, लई वाढल्यात," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात कौतुक होतं. मला वाटलं, लाज आहे. न्हाव्याला घालायला धान्य नसेल बिचारीकडे.

*

एकोणीसशे सहाच्या जानेवारीत पुण्याहून मोठ्या मडमबाईंचं पत्र आलं. शाळा पाहायला येणार. मुलं स्वच्छ दिसली आणि पटावरची निम्मी तरी हजर असली, तर शाळा पुढे चालेल. नाहीतर खोली बंद.

मी जमीन सारवली. ठोकळे धुतले. मुलांची नखं काढली. आदल्या दिवशी दुपारी सगळी झोपली तेव्हा जानकू जागा होता, कानामागे खाजवत. मी कात्री घेतली.

तो फार खूश झाला. मानेला वारा लागला तसा खिदळायला लागला. "बाई, हलकं झालं!" म्हणाला. जखमेवर मी खोबरेल लावलं. केस गोळा केले, मूठ भरून वर उरले इतके होते. ते मी चुलीत घातले. विचार केलाच नाही. केस कापले की जाळायचे, एवढंच मला माहीत.

मग त्याच चुलीतली राख घेऊन मडमबाईंसाठी पितळी तांब्या घासला.

*

संध्याकाळी ठमाबाई आली. जानकू धावत गेला आणि तिच्यापुढे भादरलेलं डोकं वाकवून उभा राहिला. ती ओरडली नाही. हिरड्यानं काळ्या झालेल्या तळव्यानं तिनं त्याचं डोकं चाचपलं, पुढून मागे, मागून पुढे.

"बाई, केस कुठं हायती?"

"जाळले. उवा होत्या."

"समदे?"

"सगळे."

"वीतभर तरी ऱ्हायले असतील. बघा की जरा."

मी चुलीकडे बोट दाखवलं.

"राख?"

तांब्या मागे चकाकत होता. मी तिकडे पाहिलं. तीही पाहत राहिली.

नूरबी गुलशनला घ्यायला आली होती. तिनं जानकूकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"या अल्ला! सोनीबाई, काय केलंत वं? ते भीमाशंकराचं जावळ व्हतं. पैली दोन गेली म्हणून नवस बोललेली ती, पाच वर्सं वस्तरा लावणार न्हाई म्हणून. शिवरात्र तीन आठवड्यांवर आली! आमच्या बदरूची शेंडी न्हाई का पिराच्या नावानं ठेवलेली?"

"मला कोणी सांगितलं नाही."

"हे काय सांगायचं असतं व्हय? तुमचं जावळ कुठं दिलं, ते तुमाला आईनं..." आणि नूरबी मध्येच थांबली. दीड वर्षात ती बोलता बोलता थांबलेली मी तेवढीच एकदा पाहिली.

ठमाबाईनं पोराला कडेवर घेतलं. पाच वर्षांचं पोर, पाय खाली लोंबत होते.

*

दुसऱ्या दिवशी सहा मुलं आली. गावात उठलं होतं की शाळेत केस कापून पोरं किरिस्ताव करतात. ठमाबाईनं ते उठवलं नव्हतं, हे नूरबीनंच मला सांगितलं. ती कोणाशी बोललीच नव्हती. गुलशन सहांत होती. मडमबाईंनी सहाही मुलांचे कान पाहिले, फार स्वच्छ म्हणाल्या, तांब्यातलं पाणी प्याल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. मार्चमध्ये ठोकळ्यांची पेटी दुसऱ्या गावी गेली.

ठमाबाई पोराला घेऊन गावी परतली होती. शिवरात्रीनंतर मी मढला गेले. ठमाबाई अंगणात नाचणी पाखडत होती.

"गेला होतात?" मी विचारलं.

"गेलो."

"मग?"

"काय द्यायचं देवाला? नारळ दिला. गुरव म्हणला, चालंल. त्याचं काय जातंय?" तिनं सूप आपटलं. "ह्याला शिंक आली तरी मी उठून बसती, बाई. आता जलमभर बसायचं."

मी माफी मागितली. तिनं मला पाणी दिलं. पाण्यावर गुळाचा खडाही दिला. त्यापेक्षा काही बोलली असती तर बरं झालं असतं.

जानकूचे केस बोटभर आले होते. तो लांबून पाहत होता, जवळ आला नाही. तो जगला. बायको आली, पोरं झाली. अक्षर मात्र शिकला नाही. धूळपाटीवर "ज" काढायला त्याला येत होतं, तेवढंच.

आश्रमातल्या पहिल्या दिवसाचं मला एवढंच आठवतं : मानेला वारा लागला होता, आणि पत्र्याच्या डब्यात काहीतरी जळत होतं. ते केस कोणी कोणासाठी राखले होते का, हे विचारायला आता कोणी नाही. एवढी वर्षं ते विचारायचं असतं, हेही मला माहीत नव्हतं.

*

एकोणीसशे चारच्या जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा पहिल्या दिवशी एकच मूल आलं. जानकू. त्याच्या केसांना तेल लावलेलं होतं.