दोघांना पेलणारी स्कूटर

काटेवाल्यानं स्कूटर घ्यायची ठरवली, तेव्हा सगळ्यात जास्त काळजी त्याच्या मेहुण्याला वाटली. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. अंगावर मांस नावालाच, पण गाड्यांबद्दलची मतं ढीगभर. त्याच्याकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती, त्यामुळे ती मतं अजून जशीच्या तशी शाबूत होती. “दाजी, तुमचं वय काय, देह काय, आणि आता पहिल्यांदा दोन चाकांवर बसायची हौस काय,” असं तो जेवता जेवता म्हणाला आणि पुन्हा वाढून घेतलं. काटेवाल्यानं ताटातलं संपवलं. तो जेवताना बोलत नसे.

काटेवाला वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानांतले, गोदामांतले, पार्सलांचे असे गावातले सगळे काटे कधी ना कधी त्याच्या हाताखालून जात. ओतीव लोखंडाची प्रमाण वजनं ठेवून तो काटा तपासायचा, बिघाड काढायचा आणि शेवटी बारीक तार ओवून तिच्यावर शिशाची मोहर दाबायचा. मोहर दाबली की तो काटा खरा, आणि त्याला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. या बाबतीत तो नाकावर माशी बसू देत नसे. त्याच्या वस्तादानं त्याला आणखी एक नियम घालून दिला होता. काटा तपासायचा तो वजनांनी, स्वतःच्या अंगानं नाही. कारागिरानं गिऱ्हाइकाच्या काट्यावर पाय ठेवायचा नाही. जन्मभर हजारो काटे हाताळून काटेवाला त्यांतल्या एकावरही उभा राहिला नव्हता. स्वतःचं वजन तो फक्त घरच्या काट्यावर करायचा. तो काटा त्यानं आणला त्या दिवशी स्वतः तपासला होता, म्हणजे प्रश्नच मिटला.

स्कूटरमागे हौसबिस काही नव्हती. बायको टेकडीवरच्या इस्पितळात शिलाईच्या खोलीत कामाला होती. फाटलेल्या चादरी, रुग्णांचे डगले, डॉक्टरांच्या कोटांचे उसवलेले खिसे हे तिचं काम. खिडकीशी तिचं मशीन, शेजारी तिच्यासारख्याच तोंडाळ दोघीजणी. संध्याकाळी ती घरी यायची ती कुठल्या डॉक्टरच्या खिशात काय सापडलं इथपासून सुरू व्हायची, आणि काटेवाला पाय पसरून ऐकत बसायचा. पण खालच्या बसथांब्यापासून वर नेणारी इस्पितळाची गाडी बंद झाली आणि त्या चढापुढे तिच्या गुडघ्यांनी हात टेकले. महिनाअखेरीला काम सोडते, असं तिनं वरच्या बाईंना सांगून टाकलं. त्या दिवसापासून ती घरी येऊन नुसती भांडी लावायची. घर एकदम मोठं वाटायला लागलं आणि काटेवाल्याला ते सोसेना. महिना संपायच्या आत तिला मागे बसवून तो चढ चढायचा, एवढंच त्याला हवं होतं.

शोरूम नेमकं त्याच चढाच्या पायथ्याशी होतं. तिथला विक्रेता टाय लावलेला, अतिशय सभ्य माणूस होता. काटेवाला मेहुण्याला घेऊन दारातून आत आला तेव्हा त्यानं एक नजर काटेवाल्यावर आणि एक काचेपाशी मांडलेल्या लिंबू रंगाच्या स्कूटरवर टाकली, आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. “साहेबांचं व्यक्तिमत्त्व भारदस्त आहे,” तो म्हणाला. “वजन शंभर असेल,” मेहुणा म्हणाला. “एकशे आठ,” काटेवाल्यानं चूक दुरुस्त केली. वजनाच्या बाबतीत त्याला अंदाजपंचे बोललेलं खपत नसे.

मग गाड्यांवर बसून पाहण्याचा कार्यक्रम झाला. पहिल्या स्कूटरवर त्याचे गुडघे हॅन्डलला असे भिडले, की डावीकडे वळायचं तर आधी डावा पाय खाली सोडावा लागला असता. दुसरीचं सीट मऊ होतं. त्यावर तो बसला आणि बसतच राहिला. तिसरीवर पाय टेकले, पण फक्त बोटं. नवशिक्यानं दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील अशीच गाडी घ्यावी, असं विक्रेत्यानं सांगितलं, आणि ते मेहुण्याला आधीपासून माहीत होतं. भिंतीवरच्या चित्रात एक तरुण जोडपं त्याच स्कूटरवर केस उडवत चाललं होतं. ती दोघं मिळून काटेवाल्याच्या कमरेवरच्या भागाएवढी असावीत. शेवटी लिंबू रंगाच्या गाडीवर गुडघ्यांचं कसंबसं जमलं. ही किती ओझं नेते, असं काटेवाल्यानं विचारलं. एकशे ऐंशी किलो, विक्रेता म्हणाला. काटेवाल्यानं मनात बेरीज केली. आपण एकशे आठ, बायको चौसष्ट. आठ किलो शिल्लक राहत होते, म्हणजे तिच्या डब्याचीसुद्धा सोय होत होती. त्याचा जीव भांड्यात पडला.

पुढचा पंधरवडा तो गोदामामागच्या मोकळ्या जागेत मेहुण्याच्या मित्राच्या जुन्या गाडीवर शिकला. एकदा कुंपणाला धडकला आणि एकदा मेहुण्याला. कुंपण वाकलं. परवाना मिळाला तसा तो बायकोला आणि मेहुण्याला घेऊन शोरूमला गेला, आणि घेण्याआधी चढावर चालवून पाहतो म्हणाला. प्रमाण वजनांच्या दोन पिशव्याही त्यानं बरोबर आणल्या होत्या. कशाला, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. वजनं जवळ असली की त्याला बरं वाटायचं.

बायको मागे बसली. तिनं त्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरला आणि डोळे मिटले. स्कूटर निघाली, रस्त्याला लागली, चढाला लागली; मेहुणा आणि विक्रेता मागोमाग चालत आले. औषधांच्या दुकानापुढे एक उंच गतिरोधक होता. पुढचं चाक त्यावरून गेलं, मागचं जायच्या आत स्कूटरचं पोट खालून खर्रकन घासलं आणि गाडी तिथंच बसली. काटेवाल्यानं अॅक्सिलरेटर पिळला. जळक्या रबराचा वास आला. औषधवाला दुकानाबाहेर येऊन शांतपणे बघत उभा राहिला. त्यांनी खाली येऊन पुन्हा प्रयत्न केला आणि स्कूटर पुन्हा त्याच जागी तशीच बसली.

मेहुणा म्हणाला, दाजींचा हात कच्चा आहे. विक्रेता म्हणाला, गाडी नवी आहे, जरा सैल झाली की जाईल. बायको फुटपाथच्या कडेला गुडघा दाबत उभी होती आणि वर इस्पितळाकडे बघत होती. तिचं ते बघणं काटेवाल्याच्या काळजात रुतलं. पण तो काम करणारा माणूस होता, आणि बिघाड शोधायची त्याची एक पद्धत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. त्यानं शोरूमशी ठेवलेल्या पिशव्यांतली वजनं काढून बरोबर चौसष्ट किलो मोजली, मागच्या सीटवर दोरीनं करकचून बांधली आणि एकटाच निघाला. तोच चढ, तोच हात, तीच गाडी. गतिरोधकावर स्कूटर नुसती चाटून गेली, कुरकुरत वर चढली आणि इस्पितळाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं पार्सल कुणाचं म्हणून विचारलं.

काटेवाला खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. बिघाड सापडला की तो असाच उजळायचा, आणि अशा वेळी समोर कोण आहे याचं भान त्याला राहत नसे. “तू चौसष्ट किलो नाहीस,” भर रस्त्यात तो बायकोला म्हणाला. मेहुण्यानं दुसरीकडे तोंड फिरवलं. विक्रेता टाय सारखा करायला लागला. औषधवाला मात्र एक पाऊल पुढे आला.

“नाहीये,” बायको म्हणाली. “आणि तुम्हीही एकशे आठ नाही.”

काटेवाल्याला कळेना. काटा मी स्वतः तपासलाय, असं तो म्हणाला. बायकोनं एकदा भावाकडे पाहिलं. मेहुणा आयुष्यात पहिल्यांदा न सांगता समजला आणि औषधवाल्याला घेऊन त्याच्या दुकानात शिरला. विक्रेत्याला शोरूममध्ये काहीतरी आठवलं.

“डॉक्टरांनी तुम्हाला वजन उतरवायला सांगितलं होतं, ते वर्ष आठवतं?” ती म्हणाली. “रोज सकाळी काट्यावर चढायचात, आणि खाली उतरलात की तोंडाला कुलूप. दिवसभर माझ्याशी बोलायचा नाहीत. अर्ध्या ताटावरून उठायचात. मला घरात राहवेना. एक दिवस मी काटा उलटा केला आणि खालचा स्क्रू जरासा फिरवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही आंघोळ करताना शीळ घातलीत.”

“एकदाच फिरवलास?”

“तुम्ही वाढलात की थोडा थोडा. त्यात माझंही कमी झालं, ते फुकटात.”

काटेवाला मागच्या सीटवरची दोरी सोडायला लागला. तेव्हा आकडा खाली येतोय म्हणून तो डॉक्टरकडे पुन्हा गेलाच नव्हता. रोज सकाळी तो खोट्या काट्यावर उभा राहत होता आणि दिवसभर दुसऱ्यांच्या काट्यांतला मासाभर फरक काढत होता. राग यायला हवा होता. तो येईल म्हणून त्यानं वाटही पाहिली. पण त्याच्या डोळ्यांपुढे आली ती फक्त मध्येच कधीतरी काटा उलटा करून त्यावर वाकलेली बायको, आणि त्याला गलबलून आलं.

“कशानं फिरवलास?” त्यानं विचारलं.

“भाजीच्या सुरीनं.”

हे मात्र त्याला लागलं. स्क्रूचा माथा जातो अशानं, एवढंच तो म्हणाला.

शोरूमशेजारी पार्सलचं ऑफिस होतं आणि तिथं जमिनीवर बसवलेला मोठा काटा होता. त्यावरची मोहर काटेवाल्याचीच होती. तो आत गेला आणि काट्यासमोर थांबला. मग त्यानं चपला काढल्या. वस्तादाला जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यानं एकदा दाराकडे पाहून घेतलं. तो काट्यावर चढणार तेवढ्यात बायकोनं त्याचा हात धरला. “दोघं एकदम चढू,” ती म्हणाली. “बेरीज कळली की झालं. कुणाचं किती ते कुणाला करायचंय?” दोघं हात धरून काट्यावर उभे राहिले. पार्सलवाल्यानं आकडा वाचला आणि सवयीनं विचारलं, कुठं पाठवायचंय.

बेरीज एकशे शहाण्णव भरली. काटेवाल्यानं तो आकडा विक्रेत्याला सांगितला, आणि एक किलोही हातचा राखला नाही. विक्रेत्यानं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा सभ्यपणा पहिल्यांदाच जरा ओसरला. “मग हे आधी सांगायचं ना,” तो म्हणाला आणि त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथं धुळीच्या कापडाखाली राखाडी रंगाची एक रुंद स्कूटर होती. मोठी चाकं, मोठं इंजिन, मागे दोन जाड शॉकअप. ती कुणी घेत नाही, तो म्हणाला, कारण स्टॅन्डवरून काढताना लोकांच्या कमरेत उसण भरते. काटेवाल्यानं ती एका झटक्यात काढली. तो बसला तेव्हा गुडघे कशालाच लागले नाहीत आणि दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. जड गाडी संथ जाताना कमी डुगडुगते, आणि नवशिक्याला तीच बरी, असं मेहुणा मागून येऊन म्हणाला. हे त्याला कालपर्यंत उलटं माहीत होतं.

पुढच्या सोमवारी सकाळी दोघं निघाले. गतिरोधक आला आणि गेला. पुढच्या वळणावर चढ उभाच होता; तिथं गाडी इतकी संथ झाली, की कुत्रा फिरवायला निघालेले एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ त्यांच्या बरोबरीनं चालले आणि एकूण हवेबद्दल दोन शब्द बोलले. मी उतरते, बायको म्हणाली. “बस,” काटेवाला म्हणाला. ती बसली. गृहस्थ मागे पडले, कुत्रा त्यानंतर मागे पडला, आणि राखाडी स्कूटर इस्पितळाच्या फाटकाशी जाऊन थांबली. पहारेकऱ्यानं ओळख दिली. संध्याकाळी बायको घरात शिरली ती बोलतच. वरच्या बाईंना तिनं जात नाही म्हणून सांगितलं होतं, आणि हाडांच्या डॉक्टरच्या खिशात अर्धवट विणलेला मोजा सापडला होता.

ते सगळं ऐकून झाल्यावर काटेवाल्यानं घरचा काटा उचलून टेबलावर उलटा ठेवला आणि हत्यारांची पेटी उघडली. बायकोचं बोलणं थांबलं. ती दारात येऊन उभी राहिली. स्क्रूच्या माथ्यावर सुरीचे ओरखडे होते, जुन्यांवर नवे, एकमेकांत मिसळलेले. काटेवाल्यानं अंगठ्यानं ते चाचपून पाहिले. मग त्यानं पेचकस परत पेटीत ठेवला, बारीक तार काढली, स्क्रूच्या भोकातून ओवली, तिच्यावर शिसं चढवलं आणि पकडीनं मोहर दाबली.

“दुरुस्त केलात?” बायकोनं विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “पण आता याला कुणी हात लावायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काट्यावर चढला, आकडा नीट वाचला, मनात चोवीसचे निम्मे बारा मिळवले आणि आंघोळीला गेला. बायको स्वयंपाकघरात डबा भरत होती. थोड्या वेळानं तिला आतून शीळ ऐकू आली.