घरबसल्या पदवी

बापूस वारला तेव्हा वर्षाली नुकतीच बारावी झाली होती आणि धाकटा निकेत दहावीत होता. दोघांपैकी एकालाच शिकवणं आईला झेपणार होतं. वर्षाली आपणहून मालवणच्या बाजारात आईशेजारी मासे विकायला बसली, आणि निकेत कॉलेजात गेला.

तिथे तो वर्गात क्वचितच दिसे. हजेरी मित्र लावत. परीक्षा तोंडावर आली की उसन्या वह्या आणायचा आणि वर्षाली त्या उतरवून द्यायची. उतरवता उतरवता वाचायची तीच. निकेत एम.ए. झाला, तालुक्यातल्या कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागला, तेव्हा आईने अख्ख्या बाजारात पेढे वाटले.

पुढच्या वर्षी, २००६ साली, वर्षालीने इंटरनेटवरून बी.ए. करायला घेतलं. दुपारी बाजार आवरला की हात लिंबाने चोळून ती इद्रीसच्या नेट कॅफेत जाई. तरी वास राही. शेजारचा माणूस खुर्ची सरकवी. इद्रीसने मग खिडकीजवळचा संगणक तिच्यासाठीच ठेवला.

कानाला लावलेल्या हेडफोनमधून बी.ए.च्या उर्वशी मॅडम शिकवत. त्यांना तिने कधी पाहिलं नाही. लोककथांवरचा तिचा निबंध मॅडमनी तीनदा परत पाठवला. ‘हे पुस्तकातलं झालं. तुम्हांला काय वाटतं?’ त्यांनी लिहिलं. असं कुणी तिला आजवर विचारलंच नव्हतं. ती बाजारातल्या म्हाताऱ्यांकडून कथा ऐकून आली आणि चौथ्यांदा लिहायला बसली. अर्ध्यात वीज गेली, लिहिलेलं सगळं पुसलं गेलं, तेव्हा पाचव्यांदा. शेवटच्या वर्षाची परीक्षा तिने ओरोसच्या केंद्रावर, पर्यवेक्षकासमोर बसून दिली. पहिल्या वर्गात आली.

त्याच सुमारास निकेतच्या कॉलेजात ग्रंथालय सहायकाची जागा निघाली. वर्षालीने अर्ज केला.

मुलाखत घ्यायला तिघे होते. एकाने तिच्या पदवीचा कागद उलटून पाहिला आणि हसला.

“ऑनलाइन? म्हणजे घरबसल्या! उत्तरं कोण लिहून देतं, देव जाणे.”

“सर, मला काहीही विचारा,” वर्षाली म्हणाली. “आत्ता, इथेच विचारा.”

कुणी काही विचारलं नाही. पत्ता तेवढा विचारला.

बाहेर शिपाई सत्यवान उभा होता. तो तिच्याकडून नेहमी बांगडे घेई.

“बाय, तुका आशेवर ठेवूचा नाय म्हणान सांगतंय,” तो हळूच म्हणाला. “प्राचार्यांनी काल निकेत सरांकाच तुझ्या पदवीबद्दल इचारल्यानी. सर म्हणाले, त्या पदवीत काय दम नाय, रेग्युलरवालो घेवा.”

वर्षाली तशीच प्राध्यापकांच्या खोलीत गेली. निकेत एकटाच होता. तिला पाहून उठला.

“तू असा सांगलंस?”

“बाय, माका समजून घे. बहिणीक घुसवल्यान म्हणान लोक बोलले असते.”

“मग ‘ती माझी बहीण, माका इचारू नका’ म्हणाचा होता. पदवीत दम नाय, ह्या कित्या सांगलंस?”

तो खिडकीबाहेर बघू लागला.

“सगळेच तसा म्हणतत. वर्गात बसल्याशिवाय शिक्षण होता काय?”

वर्षालीच्या ओठांवर त्याच्या वह्या आल्या, त्याच्या हजेऱ्या आल्या. त्या तिने तशाच मागे सारल्या.

“निकेत, तू माझो एक तरी निबंध वाचलंस?”

“नाय,” तो म्हणाला.

संध्याकाळी तोही घरी आला. आई दारातच उभी होती.

“घेतल्यानी गो तुका?”

निकेतने चप्पल काढली नाही. वर्षाली पदराने तोंड पुसत म्हणाली, “ती जागाच रद्द झाली, आये.”

“जांव दे. आपलो निकेत आसा थंय. दुसरी निघाली की तो तुझ्यासाठी शब्द टाकतलो,” आई म्हणाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवून त्याला जेवायला वाढायला आत गेली.

निकेत ताटावर बसला. दोन घास खाल्ले आणि पोट बरं नाही म्हणून उठला. आईने ताट झाकून ठेवलं. वर्षालीने त्याला एकदाही ‘जेव रे’ म्हटलं नाही. उभ्या जन्मात तिने त्याला असं उपाशी उठू दिलं नव्हतं. मागीलदारी जाऊन ती माशांच्या पाट्या धूत बसली, आणि हुंदके आईला ऐकू जाऊ नयेत म्हणून पाणी ओतत राहिली.