जुन्याशी जुनंच ताडलं

धाकटीने जावा ही प्रोग्रामिंगची भाषा हद्दपार करायचा चंगच बांधला होता. लिहिलेलं मोठ्याने बोलून दाखवणारा एक प्रोग्राम होता, तिचा आणि तिच्या दादाचा. कोणीही फुकट वापरावा, कोणीही दुरुस्त करावा असा. घशाच्या ऑपरेशनमध्ये आईचा आवाज गेला, तेव्हा दादाने तो सुरू केला होता. पण आवाजाच्या फाईली एकत्र बांधून प्रोग्राम तयार करणारं टूल त्याने जावात लिहिलेलं, आणि त्या टूलच्या नखऱ्यांना कंटाळून मदतीला येणारी माणसं पळ काढत. म्हणून धाकटीने तेच टूल पायथन या दुसऱ्या, सोप्या भाषेत लिहिलं. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, दुसरं काय होणार!

"दोन्ही टूलांनी बांधून ताडून बघितलंय," ती म्हणाली. "तसूभर फरक नाही. आता तरी हो म्हण ना रे!"

दादा एकदाचा हो म्हणाला. सर्व्हरवर नवी आवृत्ती बांधली गेली आणि लोकांच्या टॅबवर आपोआप जाऊ लागली. थोड्याच वेळात आतल्या खोलीत थाडथाड आपटल्याचा आवाज झाला. दोघं धावली. आई पलंगाच्या कडेवर हात आपटत होती. तिने लिहिलेलं टॅबवर दिसत होतं, "बोलत का नाही हा?" आवाज मात्र शून्य.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, पण मी ताडलं होतं!"

"तुझ्या कॉम्प्युटरवरचं जावा काढलं होतंस?"

नव्हतं काढलं. काम अर्धवट असताना तिने पायथनमध्ये एक सोय करून ठेवली होती: जावा सापडलं, तर काम गुपचूप जुन्या टूलकडे ढकलायचं. ती सोय काढायची राहूनच गेली. म्हणजे बाईसाहेबांनी जुन्याशी जुनंच ताडलं होतं! सर्व्हरवरून मात्र तिने जावा काढून टाकलं होतं. तिथे पायथन पहिल्यांदाच एकटं चाललं, आणि आवाजाच्या फाईली बाहेरच ठेवून मोकळं झालं.

आईसारखी कितीतरी माणसं या क्षणी मुकी झाली असतील. कोणी डॉक्टरांपुढे, कोणी फोनवर. धाकटीला रडूच फुटलं.

"रड नंतर," दादा खेकसला. "आधी जुनं परत लाव!"

तिने जुनं टूल जावासकट परत लावलं. त्याने बांधलेलं नवं अपडेट आईच्या टॅबवर मुंगीच्या पावलांनी उतरत होतं. शेवटी आईने काहीतरी लिहिलं, आणि टॅब बोलला.

"कार्टे, पुढच्या वेळी आधी माझ्या एकटीवर करून बघ. बाकीच्यांचा आवाज कशाला घालवतेस?"