सासूबाईंचे चाळीस फोटो

कार्डाचा कोपरा इतका करकरीत होता की तो तिच्या अंगठ्याला टोचला. पांढऱ्या कार्डावर निळ्या अक्षरांत सासूबाईंचं नाव, त्याखाली 'व्यवसायिक छायाचित्रकार', म्हणजे एक काना राहिलाच, आणि त्याखाली घरचा फोन नंबर... अशी दोनशे कार्डं छापून मोकळ्या झाल्या बाई! कॅमेरा हातात येऊन अजून चार महिनेही झालेले नाहीत. तिला हसू फुटलं. ते तिने चहाबरोबर गिळलं.

"हसतेस काय? फोटो बघ," सासूबाई म्हणाल्या. छत्तीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढलेल्या बाईचा आवाज. तो ऐकला की रोगी मुकाट्याने दंड पुढे करत. "तुझे सासरे छान म्हणतात, शेजारीण छान म्हणते, तुझी नणंद तिकडून फोनवर छान म्हणते. तू या धंद्यातली आहेस. तू खरं सांग. मला पुढच्या महिन्यापासून लग्नाची कामं घ्यायचीत."

जेवणाच्या टेबलावर चाळीस फोटो मांडले होते. ती एकेक उचलू लागली. हे शेजारणीचं बाळ, पण स्पष्ट आलाय तो मागचा पडदा, बाळ आपलं धुक्यात. ही बाग, इतकी कललेली की झाडं उजवीकडे सांडतील. इथे कुणाच्या तरी टाळूतून विजेचा खांब उगवलाय... छान म्हणावं आणि सुटावं. सासू आहे, एका घरात राहायचंय, आणि जिभेला काय हाड असतं? — पण तिलाही एके काळी सगळ्यांनी छानच म्हटलं होतं; तेवीस वर्षांची होती, ज्याच्या त्याच्या तोंडी वा वा, आणि त्या वा वाच्या जोरावर ती पहिलं लग्न करायला — म्हणजे दुसऱ्याचं, कॅमेरा घेऊन — गेली, आणि तीनशे फोटोंत नवरीचे डोळे धड उघडे असे निघाले अकरा... नवरीच्या वडिलांनी अल्बम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला, हळूच मिटला आणि म्हणाले, "असू दे, पोरी." शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. अठरा वर्षं झाली, ते 'असू दे' अजून कानातून जात नाही.

"आई," ती म्हणाली, "हे फोटो अजून कुणाला विकण्याजोगे नाहीत."

सासूबाई उठल्या. आतल्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला... झालं, आता आठवडाभर अबोला, बिचारे सासरे मध्ये निरोप्या. पण त्या परत आल्या त्या वही आणि पेन घेऊन. चष्मा चढवून बसल्या.

"हं. सांग. काय काय चुकलंय?"

"राग नाही आला तुम्हाला?"

"आला की! तो राहू दे बाजूला. अगं, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मोठ्या सिस्टरनी मला सगळ्यांदेखत सांगितलं होतं, मुली, तुला सुई धरता येत नाही. ढसाढसा रडले. पण त्या गोड बोलल्या असत्या ना, तर किती लोकांचे दंड सुजले असते!"

मग ती बोलतच सुटली. बटण दाबण्याआधी चारी कडा बघा. नवरी काही तुमच्यासाठी पुन्हा लग्न करत नाही. जवळ दुसरा कॅमेरा नसेल तर काम घेऊ नका. वर्षभर माझ्याबरोबर या, दिवे धरा, बॅगा उचला. या धंद्यात फोटो काढणं दोन आणे, बाकी चौदा आणे ताटकळणं, फोन करणं आणि लोकांच्या रुसलेल्या मामांना हसवणं. "आणि आई, आपल्याला आवडतं ते काढायचं नसतं, सांगितलेलं काढायचं असतं. आवड अशी कामाला जुंपली की एखाद्या दिवशी ती..."

"तुझी गेली?" सासूबाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

तिने घाईघाईने पुढचा फोटो उचलला. सासरे. चष्मा कपाळावर, आणि स्वतः सोफ्याखाली वाकून चष्मा शोधताहेत. चौकटीच्या कडेला अर्धा पाय कापलेला, उजेड चुकलेला, आणि सगळा फोटो थरथरल्यासारखा... कारण काढणारी बाई खदखदून हसत होती! ते हसू त्या थरथरीत जसंच्या तसं उतरलं होतं. तिलाही आवरेना; डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली.

"हललाय ना तो? फाडून टाकू?"

"नको, नको! हा... हा मला काढता आला नसता."

बोलली आणि दचकली. हे गोड बोलणं तर नव्हे? नाणं वाजवून बघावं तसं तिने ते वाक्य मनात पुन्हा वाजवून पाहिलं — खणखणीत होतं. माझा हात हलत नाही. अठरा वर्षांत एकदाही हललेला नाही, केवढी मिरवते मी त्यावर... पण कॅमेऱ्यामागे इतकं हसू कधी आलं होतं? हा हेवाच असावा, पण किती हलका!

सासूबाईंनी वहीत दोन रकाने आखले होते. "हा कुठे लिहू गं? चुकलेल्यांत की जमलेल्यांत?"

"थांबा हं जरा..." फोटो खिडकीच्या उजेडाकडे धरून ती बघत राहिली. खरंच ठरत नव्हतं. आणि फोटोंच्या बाबतीत काही न ठरण्याची एवढी मजा तिला कितीतरी वर्षांत आली नव्हती.