दाढेखालची लवंग

आपला नवरा पितो, याची खात्री मनकर्णेला त्याच्या लाल डोळ्यांनी पटवली, आणि मनात जी काही शंका उरली होती ती लवंगेनं घालवली. न पिणारा माणूस सकाळ-संध्याकाळ तोंडात लवंग कशाला धरील?

दिवसच तसे होते. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि इकडे वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं होतं. माणसांची डोकी फिरली होती. कुणी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, कुणी बैलांना भरजरी झुली शिवल्या. जन्मात ताकापलीकडे काही न प्यालेले बाप्ये अमरावतीच्या बाजारातून परतताना गाडीत आडवे पडून गाणी म्हणायला लागले होते. त्यात तिचा नवरा खुशालराव गळ्यात तुळशीची माळ घालणारा. ती माळ मनकर्णेचा थोरला भाऊ शेषराव याच्याच आग्रहानं घातलेली. म्हणून तर तिला जास्त लागलं.

पुरावे तिनं एकेक करून जमवले होते. डोळे रक्तासारखे लाल, पण चिपडं नाहीत, खाज नाही, म्हणजे डोळे आलेले नाहीत. उन्हात बाहेर निघायला नको. झोप मोडून उठायचं आणि डोकं धरून अंगणात फेऱ्या मारायच्या. सकाळी हातातून तांब्या निसटायचा. विचारलं तर खुशालरावाचं एकच उत्तर, "दाढ दुखून राह्यली." दाढ काय डोळ्यात असते?

शेवटी तिनं न करायचं ते केलं. अकोल्याला शेषरावाकडे सांगावा धाडला, "जवाई पेऊन राह्यले. अमरावतीच्या बाजारात ये अन् चार लोकांसमोर दोन ठेवून दे त्याईले." जावयाचे पाय धुवायचे असतात, त्याच्यावर हात टाकायचा नसतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण तिचा जीव जळत होता.

बाजाराच्या दिवशी ती स्वतः कापसाच्या गाडीवर बसून नवऱ्याबरोबर आली, त्याच्यावर नजर ठेवायला. भाव नेहमीसारखाच ठरत होता. व्यापाऱ्यानं खुशालरावाचा हात उपरण्याखाली घेतला आणि आपला आकडा सांगायला त्याची बोटं दाबली. तोच खुशालराव असा ओरडला की बैल बुजले. हात ओढून घेताना त्याचा तोल गेला, पागोटं उडालं आणि तो गाडीच्या चाकाशी बसला. लोक हसले. "सकाळीच टाकून आले काय पाटील?" असंही कुणी म्हणालं.

मनकर्णा शरमेनं अर्धी झाली. त्याला उठवायला ती वाकली. खुशालरावानं कधी नव्हे ते दोन्ही डोळे भर उन्हात उघडले. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात, लालीच्या मधोमध, निळा डाग होता. वांग्याच्या सालीसारखा निळा. दारूनं डोळा लाल होईल, पण निळा कसा होईल?

तिनं सौदा तिथेच सोडला आणि नवऱ्याला हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर पुण्याकडचा होता, कमी बोलणारा. त्यानं पापणी हलकेच उचलून पाहिलं, बोटांचे सांधे पाहिले आणि खुशालरावाला ओसरीवर सावलीत बसायला पाठवलं. मग तो मनकर्णेकडे वळला.

"सकाळी पापण्या चिकटतात?"

"नाई."

"दुखणं नुसतं डोळ्यात आहे की हाडापर्यंत जातं?"

"कपाळात जाते मनते. कानशिलात. दाढंत."

"झोपेतून उठवतं?"

"हो."

"आणि बोटं? सकाळी मूठ वळते?"

डॉक्टर विचारत होता ते सगळं मनकर्णेला पाठ होतं. तिनंच तर ते जमवलं होतं. "तांब्या सुटते हातातून," ती हळूच म्हणाली. "मले वाटलं, नशेनं सुटते."

"कसली नशा? डोळ्याचं पांढरं ही डोळ्याची भिंत असते. सांध्यांत आहे तीच सूज या भिंतीत शिरलीय. या दुखण्यात माणूस भिंतीवर डोकं आपटतो, बाई. डावीकडे भिंत झिजून पातळ झालीय, म्हणून आतलं निळं दिसतंय. औषध देतो. डोळे वाचतील अशी आशा आहे, पण डाव्याला धक्का लागू देऊ नका. एक चापट बसली तरी तो फुटेल."

आणि तेवढ्यात ओसरीवरून शेषरावाचा आवाज आला, "माळ घालून पेता काय?"

औषध न घेताच मनकर्णा धावली. खुशालराव खांबाला टेकून डोळे मिटून बसला होता. त्याच्यासमोर शेषराव उभा होता. बाजारात लोकांनी जे सांगितलं ते ऐकून तो तसाच तणतणत आला होता. त्याचा हात वर गेलेला होता. मनकर्णा मधे पडली. चापट तिच्या गालावर बसली आणि ती नवऱ्याच्या शेजारी कोसळली.

शेषराव आपल्या हाताकडे पाहत राहिला.

"कोणाले मारलं?" खुशालरावानं विचारलं. त्याला दिसलं काहीच नव्हतं, नुसता आवाज ऐकू आला होता.

"मले," मनकर्णा म्हणाली. "तुमाले मारणार व्हता. मीच बलावलं दादाले. मी मनलं, तुमी पेता."

खुशालरावानं सुजलेल्या बोटांनी कमरेची चंची मोठ्या कष्टानं सोडली, आत चाचपडलं, आणि हात तिच्या आवाजाच्या दिशेनं पुढे केला. तळव्यावर एक लवंग होती.

"दाढेखाली धर," तो म्हणाला. "ठणका कमी होते थोडा."