समुद्र पाहिलेले रीळ

मित्रांनो, मी एक जुने रीळ आहे आणि मी समुद्र पाहिला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या मालकाने नेमके तेच लोकांपासून लपवले.

मला शिवणाच्या दोऱ्याचे रीळ समजू नका हं! मी मासे धरायच्या गळाचे रीळ. मला काठीच्या बुडाशी बसवतात. माझी मूठ फिरवली की लांब पाण्यात फेकलेली दोरी माझ्या अंगावर गुंडाळली जाते आणि नशीब असेल तर तिच्या टोकाला मासा येतो. खारे पाणी सोसावे म्हणून मला कारखान्यात मुद्दाम दणकट घडवले होते. रत्नागिरीच्या एका दुकानात मी काचेआड ऐटीत बसले होते. तिथून मला अभिजीतने उचलले.

अभिजीत मूळचा नागपूरचा, नोकरीपायी कोकणात आलेला. दर रविवारी आम्ही दोघे खडकावर जायचो. एकदा एका दांडग्या तांबोशी माशाने आम्हाला असे काही दमवले की माझ्या आतल्या चाकांचे दाते तापले होते. पण दोरी तुटली नाही! शेजारच्या खडकावरचे लोक धावत आले, "रीळ झकास आहे," म्हणाले. तेव्हा मी फुलून गेले.

अशा वेळी अभिजीत एक नाव हमखास घ्यायचा. "मला गळ धरायला आमच्या बाबनकाकांनी शिकवलं," तो सांगायचा. बाबनराव म्हणजे नागपूरच्या गोळीबार चौकातले हातमागाचे विणकर. माग बंद पडल्यावर ते बुटीबोरीच्या गिरणीत लागले. सुट्टीच्या दिवशी ते शेजारच्या छोट्या अभिजीतला सायकलवर बसवून उमरेडच्या बाजूच्या तळ्यावर न्यायचे. त्यांचा एक नियम होता. आधी अवजार पुसायचे, मग आपले हात धुवायचे. अभिजीतने तो नियम पाच वर्षे पाळला. कितीही दमला असला तरी तो घरी आल्यावर आधी मला मगभर गोड्या पाण्याने अंघोळ घालायचा. त्या न पाहिलेल्या काकांना मी मनातल्या मनात कितीदा दुवा दिला असेल!

मग त्याची नागपूरला बदली झाली. शेवटच्या संध्याकाळी एक लाट आम्हा दोघांना नखशिखांत भिजवून गेली. सामान बांधायची घाई होती. त्याने मला तसेच ओले पिशवीत कोंबले. "उद्या धुतो," असे तो म्हणाल्याचे मी स्वतः ऐकले.

तो उद्या दोन वर्षांत उगवला नाही. रामदासपेठेतल्या फ्लॅटमध्ये, कपाटाच्या माथ्यावर, मी पिशवीतच पडून राहिले. खारे पाणी वाळले, त्याचे मीठ झाले आणि ते मीठ माझ्या दात्यांत शिरले. तळमळ झाली, पण ओरडणार कोणाला?

एका रविवारी सकाळी त्याने मला खाली काढले. वाटले, आली आठवण! त्याने मला पुसले, पॉलिश लावले, नवी दोरी भरली. हे सगळे वरवर. आत त्याने पाहिलेही नाही. मला विकायला काढले होते! फोनवर तो बोलत होता, "काका, समुद्राचंच रीळ आहे. पण घेतल्यापासून डब्यातच होतं. समुद्र कसला, बादलीचं पाणीसुद्धा पाहिलं नाही त्याने."

मित्रांनो, माझी पाच वर्षे त्याने एका वाक्यात पुसून टाकली. ती तांबोशी, ते खडक, ते तापलेले दाते, काही घडलेच नव्हते जणू! आणि हे सारे कोणाला सांगितले? बाबनकाकांना!

दुपारी बाबनराव आणि त्यांच्या पत्नी मैनाबाई घरी आले. काकांच्या खांद्यावर दुपट्टा होता आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. त्यांची लेक दामिनी रत्नागिरीच्या दवाखान्यात परिचारिका झाली होती. तिने दोघांना बोलावले होते. साठी उलटली तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता.

"तळ्याचा बांबू तिथं पुरन का?" काका हसत म्हणाले. "म्हनून म्हटलं, अभिजीतचंच घेऊन टाकू. दुकानदार फसवन, हा काय फसवून राहिला मले!"

अभिजीतने मान खाली घातली आणि मला त्यांच्या हातात दिले. काकांनी मला उलटेपालटे करून पाहिले. "नवंकोरं दिसते गा," ते म्हणाले आणि खिशात हात घातला.

माझे मन कात्रीत सापडले. गप्प राहिले तर पुन्हा समुद्र! पण पहिलाच मोठा मासा लागला की मी अडणार आणि या भल्या माणसाची फजिती होणार, हेही मला ठाऊक होते.

तेवढ्यात मैनाबाई म्हणाल्या, "थांबा, मले पाहू द्या जरा."

त्यांनी मला कानाशी नेले, डोळे मिटले आणि मूठ अगदी सावकाश फिरवली. त्यांचे अर्धे आयुष्य रहाटावर सूत गुंडाळून मागाच्या कांड्या भरण्यात गेले होते. रहाटात कुठे बारीक कचरा अडकला, तर तो त्यांना बोटांनी आधी कळायचा, डोळ्यांनी नंतर. अशा हातात मला खोटे फिरता आले नाही. मी करकरले.

"याच्यात काहीतरी हाय," त्या म्हणाल्या. "जागोजागी अडून राहिलं."

"नवीन आहे ना काकू, म्हणून थोडं घट्ट असेल," अभिजीत घाईने म्हणाला.

काकांनी माझी वरची चकती फिरवून काढली, दोरीचा भाग उचलला. आत पांढरा थर बसला होता. त्यांनी त्यावर बोट घासले आणि जिभेला लावले.

"खारट हाय."



"काहून गा, अभिजीत?" काकांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "मी कधी न गेलेला मानूस. मले तर समुद्र पाह्यलेलंच रीळ पाह्यजे होतं. दोघांतलं एक तरी जानतं असतं. सांगतलं असतं तर मीठ मीच धुऊन काढलं असतं. तू खोटं काहून बोलला?"

काका उठले, मोरीत गेले आणि मगभर गोडे पाणी घेऊन मला धुऊ लागले. दोन वर्षांनी पहिल्यांदा! त्यांनी दुपट्ट्याने माझा सांधा न् सांधा टिपला. मला पुसून झाल्यावर त्यांनी स्वतःचे हात धुतले. मग मला टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "चाल वं मैना."

दारापर्यंत ते मागे वळले नाहीत. मी वाट पाहत होते, अभिजीत हाक मारेल, निदान माफी मागेल. तो खिडकीशी उभा राहिला, बस्स!

बाबनराव तळ्याचा बांबू घेऊनच रत्नागिरीला गेले, असे पुढे कानावर आले. माझा फोटो मात्र मोबाइलवर विक्रीच्या जाहिरातीत झळकला. खाली पुन्हा तेच खोटे होते, "समुद्रात न वापरलेले".

मित्रांनो, वस्तू झिजते त्याचे तिला दुःख नसते. तिला वापरा, धुवा, पुसा, आणि कधी विकायची वेळ आलीच, तर ती कुठेकुठे फिरली ते मोकळेपणाने सांगा. उद्या तुमच्यापैकी कोणाचे बाबा मला पाहायला आले, तर माझ्या पॉलिशला भुलू नका. मला कानाशी धरा आणि मूठ सावकाश फिरवा. मी खरे तेच सांगेन.