चटईपर्यंत उतरणारी खुर्ची

मी पेनिनाची खुर्ची बोलतेय. बसा. अहो, माझ्यावर नको, समोरच्या चटईवर बसा. माझ्यावर बसायचं तर आधी दगड मोजावे लागतात. ते का, तेच तर सांगायचंय.

माझा जन्म कुठला, कुणाच्या हातचा, मला ठाऊक नाही. कळायला लागलं तेव्हा मी ऑकलंडच्या एका कचेरीत होते. पाच चाकं, काळी गादी आणि दोन हात. त्यातला एक हात एका जाडजूड साहेबानं दर जेवणानंतर रेलून रेलून मोडला. मोडक्या खुर्चीला कोण ठेवतंय? जुन्या गाद्या आणि पत्र्यांबरोबर मला जहाजात घातलं आणि मी इथे, सावाई बेटावरच्या सालेलोलोगा बंदरात उतरले.

तिकिटाच्या कचेरीत मला पेनिना भेटली. बोटींची नोंद ठेवायची आणि रेडिओवर कप्तानांशी बोलायचं, हे तिचं काम. प्रत्येक कप्तान तिला खोकण्यावरून ओळखू यायचा. समुद्र खवळला की सगळा किनारा तिच्या आवाजाकडे कान लावायचा. पोरगी त्या कामावर जीव टाकायची हो!

आमच्या कचेरीला भिंती नाहीत, नुसते खांब आहेत. खाली चटया. बोटीची वाट बघणारे म्हातारे तिथेच मांडी घालून बसतात. त्यात पहिला मान तुइमावे आजोबांचा. गावचे प्रमुख ते. अळूच्या कंदांची टोपली लेकीकडे पलीकडच्या बेटावर, अपियाला पाठवायला रोज येत आणि रोज विचारत,

"पोरी, बोट सुटली का गं तिकडून?"

आता मोठं माणूस चटईवर आणि आपण खुर्चीवरून उत्तर द्यायचं? छे! पेनिना माझ्यावरून उतरायची, वाकून पुढे जायची, मांडी घालून बसायची आणि म्हणायची, "अजून नाही, आजोबा." मग उठून माझ्यावर. कोकोचे चार घोट होतात न होतात तोच आजोबा पुन्हा, "आता?" की ही पुन्हा खाली.

"अगं, बसूनच सांग की," आजोबाच एकदा म्हणाले.

"आणि आईला कळलं तर तुमच्या घरी राहायला येऊ का?" पेनिना म्हणाली.

होता होता तिची पाठ धरली. डॉक्टरांनी विचारलं, "खुर्चीवर किती तास बसतेस?" सगळा दोष माझ्यावर! उठतेस किती वेळा, हे कुणी विचारलंच नाही. मी मोजत होते, पण मला तोंड कुठे होतं?

बंदराचे साहेब म्हणाले, "पांढऱ्या रविवारपर्यंत बघतो. तोवर पाठ सुधारली नाही तर रेडिओवर दुसरं कुणी बसेल." पोरं पांढरे कपडे घालून देवळात जातात, त्या सणाला तीन आठवडे उरले होते. त्या दिवशी पेनिनानं रेडिओ पुसून ठेवला आणि बराच वेळ माझ्या एका हाताला धरून बसली.

मग आला तिचा मामा, सेफो. होड्या बांधणारा माणूस. म्हणाला, "रडतेस काय? माणसाच्या मापानं काम बांधू, कामाच्या मापानं माणूस कशाला मोडायचं?" त्यानं भिंगरीसारखं फिरवून मला बघितलं, पेनिनाला माझ्यावर बसवलं आणि वितीनं मापं घेतली. कोपर कुठे येतं, गुडघा कुठे, डोळा कुठे. आधी केळ्यांच्या खोक्यांचं खोटं टेबल केलं, कापलं, पुन्हा जोडलं. मग होडीचे दोर आणि कप्प्या लावून वर-खाली होणारं खरं टेबल केलं. थोडा वेळ बसून काम, थोडा वेळ उभ्यानं. मला तेल दिलं, मोडका हात लाकडाचा बसवला. किती वर्षांनी मी पुन्हा दोन्ही हातांची झाले!

साहेबांना बघायला बोलावलं. पेनिनानं दोर ओढला, टेबल वर गेलं, ती ताठ उभी राहून रेडिओवर बोलू लागली. साहेब मान डोलावत होते. तेवढ्यात तुइमावे आजोबा आले, चटईवर बसले आणि मान मागे टाकून वर बघत राहिले.

"सेफो, पोरीला माडावर चढवलंस की काय? बोलायचं तर मला शिडी लागेल."

पेनिना लाजेनं लाल. घाईघाईनं खाली बसायला गेली आणि पाठ अशी धरली की चटईवर तशीच ओणवी अडकली. ना बसता येईना, ना उठता. साहेब निघून गेले.

तिला आडवं केल्यावर आजोबा सेफोवर बरसले. "होडी बांधतोस ना रे? पाण्यावरचंच मोजतोस का? पाण्याखाली किती जाईल, ते कोण बघणार, तुझा बाप?"

सेफोनं ते मनावर घेतलं. पाठ सुटून पेनिना कामावर आली, त्या दिवशी तो चटईवर कोळसा घेऊन बसला आणि पेनिना उठली की खांबावर एक रेघ ओढू लागला. दुपारपर्यंत त्रेचाळीस रेघा झाल्या. मला हायसं वाटलं. कुणीतरी बरोबर मोजलं एकदाचं!

मग त्यानं माझी चाकं काढली, पाय काढले. खोटं कशाला सांगू, मी घाबरले. पण त्यानं मला रुंद फळीवर बसवलं, मांडी घालता येईल एवढी. टेबल आणि रेडिओ मलाच जोडले आणि सगळं चार खांबांमध्ये दोरांनी टांगलं. दोरांच्या दुसऱ्या टोकांना जाळीत दगड, माझ्यासकट पेनिनाच्या वजनाला तोलून. मला जागच्या जागी धरणारी खुंटी काढली की बोटाच्या जोरावर मी वर, बोटाच्या जोरावर खाली, थेट चटईपर्यंत. पार वर नेलं की टेबल उभ्या माणसाच्या कोपराला लागतं.

पांढऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी साहेब पुन्हा आले. आजोबाही आले.

"पोरी, बोट सुटली का गं?"

पेनिनानं खुंटी काढली. टेबल, रेडिओ, पोरगी, सगळ्यांना घेऊन मी कुरकुरत उतरले. तिनं मांडी घातली, मान लववली. "अजून नाही, आजोबा." आणि आम्ही वर.

"आता?" पुन्हा खाली. "आणि आता?" पुन्हा खाली. सात वेळा! म्हातारा गंमत करत नव्हता, पाठ तपासत होता. आठव्यांदा साहेबच हसत म्हणाले, "आजोबा, पुरे! तिला काम करू द्या. रेडिओ तिचाच आहे."

सोमवारी मात्र फजिती झाली. मी वर जाईचना! सेफो म्हणाला, "काल रविवारचं, भट्टीत भाजलेलं किती जेवलीस गं?"

"मोजून दोन घास, मामा."

"मग हे दगड उपाशी असतील." त्यानं जाळीत एक दगड वाढवला. तेव्हापासून दर सोमवारी एक दगड जास्त लागतो.

आता माझी गादी झिजली, आत नारळाचा काथ्या भरलाय. लोक माझी मापं घ्यायला येतात. उंची किती, रुंदी किती, विचारतात आणि जातात. बाबांनो, माझ्यासारखी दुसरी बांधाल तेव्हा बसणाऱ्या माणसाचं माप घ्याच, पण दिवसभरात ते कुणाकुणासाठी उठतं, तेही आधी बघा.

बरं, आता पुरे. टोपली घेऊन आजोबा येताहेत. मला खाली जायचंय.